कलमा पढल्याच्या दुसऱ्या दिवशी (अनुभव धागा)

नमस्कार, अस्सलामु अलैकुम.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. कापूस-तुरीची शेती आहे, आणि गावच्या मशीद कमिटीत बरीच वर्षं काम करतो. आमचं घराणं पिढीजात मुसलमान. त्यामुळे ज्या अनुभवाबद्दल विचारतोय तो माझा नाही, आणि म्हणूनच विचारतोय.

आमच्या भागात कुणी कलमा (श्रद्धेची साक्ष) पढून इस्लाम स्वीकारला की त्या दिवसाचा गाजावाजा होतो. हार घालतात, मोबाईल बाहेर निघतात, गळाभेटीला रांग लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच माणूस वुजू करायला (नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला) बसतो, आधी हात की आधी तोंड हे त्याला आठवत नाही, आणि शेजारी कुणी नसतं. मला त्या दुसऱ्या दिवसाबद्दल ऐकायचंय, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांबद्दल.

धर्म बदलावा की बदलू नये हा वाद इथे नको. वऱ्हाडाला ही गोष्ट नवी नाही. अचलपूरला इमादशाही उभी करणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क जन्माने विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झालं ते इथल्या घराघरात लेकरांनाही ठाऊक आहे. धर्म बदलतो तो एक माणूस, पण त्याची चूल, शेत, सोयरीक, मयत सगळंच त्यात ओढलं जातं. ते लिहा. ज्यांनी स्वीकारला त्यांनी लिहा, त्यांच्या आईवडिलांनी लिहा, शिकवणाऱ्यांनी लिहा. नाराजी असेल तर तीही मोकळेपणाने लिहा. गावाचं आणि माणसाचं नाव मात्र नको.

माझं मत आधीच सांगून टाकतो. "ला इकराहा फिद्दीन", दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुरआनात स्वच्छ आहे (२:२५६). येणाऱ्याच्या बाबतीत आपण ते सांगतो. आलेल्यावरही नावाची, कपड्याची, खाण्याची, घर सोडण्याची जबरदस्ती असू नये, एवढं माझं म्हणणं आहे.

मालकरी घरातला, पुसद तालुका

आमच्या घरात आजोबांपासून सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. एकादशी, हरिपाठ, आषाढीला जमेल त्याने पंढरपूर. मी जिनिंगमध्ये कामाला होतो. आमचा मुकादम जेवणाच्या सुट्टीत सरकीच्या ढिगामागे चटई टाकून जोहर, म्हणजे दुपारची नमाज, पढायचा. त्याने मला धर्माचं कधीच काही सांगितलं नाही, मीच विचारत गेलो. त्याच्याकडचं मराठी कुरआन एका पावसाळ्यात वाचून काढलं. का स्वीकारला, याचं उत्तर लांब आहे आणि इथे विचारलेलंही नाही.

दुसऱ्या दिवसाबद्दल सांगतो. मला सगळ्यात जड गेलं ते मटण. लोक प्रेमाने घरी बोलवायचे, ताटात गोश्त वाढायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी जन्मात कधी खाल्लं नव्हतं. नुसत्या वासाने मळमळायचं. एकाने सगळ्यांसमोर म्हटलं, "हे खाल्लं की पक्का झाला." मी घास तोंडात घेतला आणि बाहेर जाऊन ओकलो. हे मशिदीतल्या हाफिजजींच्या (कुरआन पाठ असलेल्याला हाफिज म्हणतात) कानावर गेलं. त्या जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजनंतर ते उभे राहिले आणि माझं नाव न घेता म्हणाले, "गोश्त खाणं ही ईमानची अट नाही. अल्लाहने हलाल केलेल्याला हराम म्हणायचं नाही, बस. ज्याला खायचं नाही त्याने खाऊ नये, आणि दुसऱ्याने त्याला खाऊ घालू नये." मी आजही खात नाही. ईदला माझ्यासाठी शेवयांचा वाडगा वेगळा येतो.

पहिल्याच आठवड्यात दोघांनी सुंतेचाही विषय काढला होता. हाफिजजींनी त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं कुणास ठाऊक. मला एवढंच म्हणाले की कलमा त्यावाचून अडलेला नाही, पुढे करशील तेव्हा सर्जनकडे जाऊन, तब्येत पाहून कर. नावाचंही तसंच. माझ्या नावाच्या अर्थात इस्लामला न चालण्यासारखं काही नाही, तेव्हा आईने ठेवलेलं नावच चालू आहे. सातबाऱ्यावर तेच, मशिदीतही तेच.

शिकलो मक्तबमध्ये, म्हणजे पोरांच्या कुरआन-शाळेत, त्यांच्याच रांगेत बसून. समोर नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक), शेजारी पहिलीतलं पोरगं. ते माझ्या चुका काढायचं आणि बोट धरून अक्षर दाखवायचं. उर्दू मला येत नव्हतं, खुत्ब्यातलं (शुक्रवारच्या प्रवचनातलं) काही कळायचं नाही. आमच्या गावचे एक मन्सुरी चाचा, गाद्या भरायचं काम करतात, ते नमाजच्या सफमध्ये (रांगेत) रोज मुद्दाम माझ्या उजव्या हाताला उभे राहायचे. खुत्बा संपला की ओट्यावर बसून त्याचा सार मला वऱ्हाडीत सांगायचे. "म्हने खोटं माप देऊ नका, मजुराचा घाम सुकायच्या आंदी त्याले पैसे द्या, असं सांगतलं आज."

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला. विदर्भातला मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. मी तेव्हा घरच्याच एका खोलीत वेगळा राहत होतो. आई बोलत होती, वडील बोलत नव्हते, आणि सहरीला (रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठवणारं कुणी नव्हतं. हाफिजजी मिस कॉल द्यायचे. पाठोपाठ चाचांचा नातू सायकलवर डबा आणायचा. त्यात बिर्याणी वगैरे नाही. ज्वारीची भाकर, झुणका, फोडलेला कांदा आणि एका पिशवीत ताक. चाचींनी न विचारता ओळखलं होतं की हा पोरगा पहाटे काय खाऊ शकेल. एका रात्री आईने खिडकीतून तो डबा पाहिला, उघडून पाहिला, भाकरीचा तुकडा मोडून चाखला. दुसऱ्या पहाटे नातू आला तेव्हा आई म्हणाली, "उद्यापासून भाकर मीच टाकतो, म्हातारीले सांग." पुढचे रोजे मी आईच्या हातच्या भाकरीवर धरले. वडिलांचा अबोला मात्र अजून आहे.

एक बाप, आर्वीकडचा

मी मुसलमान नाही. मायं पोरगं झालं. मोबाईलवर लिहनं जमत नाही म्हून पुतनी लिहून राह्यली, मी सांगतो तसं.

मले पोरानं सांगतलं नाही. पानठेल्यावर एकानं मोबाईल दाखोला. त्यात पोराच्या गयात हार, आजूबाजूले लोकं जोरजोरानं नारे देऊन राह्यले. सारा पानठेला माह्याकडे पाहे. मी घरी आलो, दोन दिवस अन्न गेलं नाही. पोरगं दुसऱ्या धर्मात गेलं याचा राग होता, खोटं कायले बोलू. पन त्याच्याहून जास्त राग याचा होता का ज्या पोराले मी खांद्यावर घिऊन जत्रा दाखोली, त्याची एवढी मोठी गोठ मले पानठेल्यावर कयावी. ज्यायनं तो व्हिडिओ काढला त्यायले एक बार वाटलं नाही का याले बाप असन.

मंग एक दिवस तालुक्याच्या गावचे एक म्हातारे सायेब पोराले घिऊन घरी आले. मी बस म्हटलं नाही. ते आपल्याच मनानं ओट्यावर टेकले, मायीले म्हने, "अक्का, पानी द्या." पानी पेले. म्हने, "पाटील, तो व्हिडिओ ज्यायनं काढला त्यायले म्या मिटवाले लावला. त्याची माफी मांगाले आलो. तुमचा पोरगा तुमचाच हाये. त्यानं तुमची सेवा सोडली त त्याची नमाज मले नाही पायजे." कुरानात असं लिहेल हाये म्हने, मायबाप देवाच्या बाबतीत उलट सांगत असन त ते आयकू नको, पन दुनियेत त्यायच्यासंगं चांगलं राह्य. मी काही बोललो नाही. पन जाताना त्यायले चहा देल्ला.

पोयाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकनी राह्यते. बैलाचे खांदे हयद-तुपानं शेकते, वर्षभर जू वाह्यलं असते त्यायनं. त्या दिवशी पोरगं नदीवरून बैल धुऊन आलं. म्हने, "बाबा, पूजा तुमी करा, ते मले होत नाही. खांदे मी शेकतो." अन् शेकले. लहानपनी शेके तसेच, कानाजवय तोंड नेऊन बैलासंगं बोलत बोलत. दुसऱ्या दिवशी तोरनापाशी तो आला नाही. बैल मी नेले, पन शिंगं त्यानंच रंगोले होते.

मले अजून पटलं नाही. पटन असं वाटतही नाही. पन शेत आमी दोघं करतो, अन् त्याच्या नमाजचा टाइम झाला का धुऱ्यावरची जागा मीच साफ करून देतो, तिथं काटे हायेत म्हून.

धागाकर्ता

काका, तुमच्या पुतणीचे आणि तुमचे आभार. त्या बुजुर्गांनी सांगितलेली आयत (वचन) कुरआनातल्या सूरह लुकमानमधली आहे (३१:१५). पैगंबरांचे साथी अबू बक्र यांच्या मुलीने, अस्मा यांनी, आपली आई मुसलमान नसताना भेटायला आली तेव्हा पैगंबरांना विचारलं होतं की मी तिच्याशी नातं ठेवू का. "हो, आईशी नातं ठेव," असं उत्तर मिळालं. ही हदीस आमच्या गावात बऱ्याच जणांना माहीत आहे, पण ती हार घालण्याच्या दिवशी कुणी सांगत नाही. आमच्या कमिटीने व्हिडिओ बंद केलेत. ज्याचं त्याने घरी सांगितल्याशिवाय बाहेर एक शब्द जाणार नाही.

बौद्ध घरातला, अकोला जिल्हा

माझे आजोबा ५६ ला दीक्षाभूमीवर होते. आमच्या घरात धर्म सोडणं-घेणं हा शब्द कुणाला घाबरवत नाही. मी सांगितलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली की कुठेही जा, पण बाबासाहेबाला विसरशील तर या उंबऱ्यात येऊ नको. विसरलो नाही. १४ एप्रिलला मी आजही वस्तीत असतो, मिरवणुकीतल्या लोकांना पाणी वाटायला.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत आणि दोन्ही कडू आहेत.

पहिली जातीच्या दाखल्याची. मी तेव्हा शिकत होतो, शिष्यवृत्ती चालू होती. अनुसूचित जातीची सवलत हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळते, मुसलमान किंवा ख्रिश्चन झालं की जाते, हे मला कलमा पढवणाऱ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. मी निर्णय बदलला असता का? नसता बदलला. पण शिक्षणाच्या खर्चाची तजवीज करून ठेवली असती, आणि अर्ध्यात मजुरीला जावं लागलं नसतं. ज्याच्या खिशातून जाणार आहे त्याला आधी सांगायला हवं.

दुसरी लग्नाची. मशिदीत मी पहिल्या सफमध्ये उभा राहिलो तरी कुणी सरकवलं नाही, हे खरं आहे आणि मला मोलाचं आहे. एका थाळीत जेवलो. पण सोयरिकीचा विषय निघाला की प्रत्येकाला आपली बिरादरी आठवायची. पठाणांकडे पठाण, कुरेशींकडे कुरेशी, बागवानांकडे बागवान. माझ्याबद्दल बोलताना वर्षानुवर्षं "तो नवीन पोरगा". एका घरातून तर तोंडावर उत्तर आलं की मुलगा नमाजी आहे, चांगला आहे, पण खानदान काय सांगायचं? मी त्यांना शेवटच्या हजचा खुत्बा आठवून दिला, अरबाला गैर-अरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर कसली श्रेष्ठता नाही, तकव्याशिवाय (अल्लाहची जाण ठेवून वागण्याशिवाय). ते मान हलवून "बेशक" म्हणाले आणि चहा पुढे केला.

शेवटी एका पिंजारी घराने मुलगी दिली. सासऱ्यांनी चौकशी केली ती माझ्या कामाची, कर्जाची आणि मी आजीकडे जातो की नाही याची. निकाहला आजी नऊवारीत पुढच्या खुर्चीवर बसली होती, आणि मेहर ठरताना तिचं मत विचारलं गेलं.

ज्यांना आमच्यासारख्यांचं स्वागत करायचंय त्यांनी आपल्या घरात सोयरिकीची तयारी आहे का ते आधी बघावं. माझं हे म्हणणं बोचेल, पण मी ते मनापासून लिहितोय.

तालुका कोर्टात वकिली करतो, वाशीम जिल्हा

वरच्या अनुभवात दाखल्याबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीसाठी धर्माची अट आहे. शीख १९५६ ला त्यात आले, बौद्ध १९९० ला. अनुसूचित जमातीसाठी अशी अट नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण शेतीबद्दल विचारतात. धर्म बदलल्याने स्वतःचा वारसाहक्क जात नाही, १८५० च्या कायद्यापासून ते तसंच आहे. पण हिंदू वारसा कायद्याचं कलम २६ नीट वाचा. धर्म बदलल्यानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारशाने हिस्सा मिळत नाही, वारसा उघडतेवेळी ती मुलं हिंदू असतील तरच मिळतो. आजी-आजोबांना नातवाला काही द्यायचं असेल तर आपल्या मालकीच्या वाट्याचं मृत्युपत्र करता येतं. आणि कुणी पहिली बायको असताना दुसरं लग्न करायला म्हणून धर्म बदलत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. सुप्रीम कोर्टाने १९९५ ला सरला मुद्गल प्रकरणात असं लग्न रद्दबातल आणि गुन्हा ठरवलंय. मशीद कमिट्यांनी याबाबतीत फार सावध राहायला हवं असं मला वाटतं. एका खोट्या माणसापायी दहा खऱ्यांकडे संशयाने बघितलं जातं.

कागदोपत्री बदल करायचा तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रात नोंद. धर्मांतराच्या बाबतीत आज कोणता नियम लागू आहे ते आपल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका, ऐकीव माहितीवर नको.

नव्या बायकांना शिकवते, मंगरूळपीरकडची

मी आलिमाचा (बायकांच्या धर्मशिक्षणाचा) कोर्स केलाय, आणि घरीच ओसरीवर मुलींना शिकवते. नवीन आलेल्या बायका आल्या की पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडत नाही. मोरीत घेऊन जाते, तांब्या हातात देते आणि वुजू करून दाखवते. तीन वेळा हात, गुळण्या, नाकात पाणी, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग घोट्यापर्यंत पाय. बाईच्या पायात जोडवी असतात. "ती काढावी लागतील का?" हा प्रश्न ठरलेला. मी म्हणते, जोडवी फिरव, खाली पाणी जाऊ दे, वुजू झालं. बाकीचं पुढे बघू.

काळ्या मण्यांचंही तेच. आमच्या इकडच्या मुसलमान बायकाही लग्नात काळी पोत घालतात, तेव्हा त्यावरून नवीन बाईला टोकायचं काय कारण? कुंकवाचं, पाळीच्या दिवसांचं, त्यानंतरच्या गुस्लचं (अंघोळीचं) असं बरंच काही असतं, जे ती पुरुष मौलानांना विचारूच शकत नाही. कुठल्याही गावात एखादी बाई कलमा पढली तर पहिल्या संध्याकाळी तिच्या घरी एका जाणत्या बाईने गेलंच पाहिजे. तिथे चार पुरुषांचा काही उपयोग नाही.

आणि हळूहळू. पैगंबरांनी आपले साथी मुआज यांना यमनला पाठवताना क्रम सांगितला होता: आधी कलमा, ते मानलं तर पाच नमाज, ते मानलं तर जकात (धर्माने ठरवून दिलेलं दान). कुरआन उतरायलाच तेवीस वर्षं लागली. माझ्याकडे एक बाई आली होती, कापूस वेचायला जाणारी, अंगठेबहाद्दर. तिला मी फक्त सूरह फातिहा दिली, सात आयती. वेचणीच्या ओळीत एकेक बोंड काढताना ती म्हणायची. तिच्या ओटीत कापूस भरायचा आणि आयत पाठ व्हायची. हंगाम संपला तेव्हा तिची फातिहा माझ्या शिकलेल्या मुलींपेक्षा स्वच्छ होती. तिला पहिल्याच आठवड्यात कुणी बुरख्यावरून बोललं असतं तर ती परत आली नसती, हे मला खात्रीने माहीत आहे.

अचलपूर तालुका, सून

माझ्याबद्दल सगळे धरूनच चालतात की लग्नासाठी धर्म बदलला. आमचं लग्न विशेष विवाह कायद्याने झालं, १९५४ चा कायदा. त्यात कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. तीस दिवसांची नोटीस बोर्डावर लागली आणि ती दोन्हीकडच्या नातेवाइकांनी वाचली. ते दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

सासरी आल्यावर सासूबाईंनी माझ्यासाठी कोनाडा रिकामा करून दिला. तिथे मी माझी अन्नपूर्णा ठेवली. कित्येक वर्षं एका खोलीत त्यांची जानमाज (नमाजची चटई) आणि दुसऱ्या खोलीत माझा दिवा. पुढे मी स्वतःहून नमाज शिकावी म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बेटा, पढ़ना है तो अल्लाह के वास्ते पढ़ो, मेरे बेटे के वास्ते मत पढ़ो." आणि मला आणखी सहा महिने थांबायला लावलं. अन्नपूर्णा मी आईकडे नेऊन दिली. सासूबाईंनीच ती स्वच्छ कपड्यात बांधून दिली होती.

आता खरं दुःख सांगते. माहेरच्या महालक्ष्म्या. भाद्रपदात आमच्याकडे तीन दिवस घर भरलेलं असतं. सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, पुरण, कढी, आणि ती आंबील, ज्वारीची, खोबऱ्याचे काप घातलेली. नैवेद्याचं मी खाऊ शकत नाही, आणि हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं यात एक वर्ष मी गेलेच नाही. दुसऱ्या वर्षी आईनेच फोनवर विचारलं, "देवीपुढे ठेवलेलं चालत नाही ना तुला? मग ठेवायच्या आधीचं तर चालेल?" आता आई नैवेद्याची ताटं वाढायच्या आधी एक डबा भरून झाकून ठेवते आणि वर माझ्या नावाची चिठ्ठी लावते. वहिनी त्याला हात लावू देत नाही कुणाला. मी दुपारी जाते, मागच्या अंगणात बसून जेवते, आईच्या हातात बांगड्या भरते आणि संध्याकाळच्या बसने परत.

नव्या मुलींना मी हेच सांगते की आईला थोडा वेळ द्या. आई वाट काढते.

सावनेर तालुका

आमच्या घरात ताजुद्दीन बाबांचा फोटो मी जन्मल्यापासून पाहतोय. वडील हिंदू, पण दर वर्षी वाकीला जायचे, नागपूरला ताजबागला जायचे. बाबा कामठीत जन्मले, १९२५ ला नागपुरात वारले. आमच्याकडच्या कितीतरी हिंदू घरांत त्यांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी असतो. मी इस्लामकडे आलो तो त्याच वाटेने.

आलो आणि गोंधळलो. एका मशिदीत म्हणाले दर्ग्यावर जाणं चूक. दुसऱ्या मशिदीत म्हणाले त्या मशिदीत नमाजच होत नाही. तीन दिवसांच्या जमातीत (धर्मशिक्षणाच्या फेरीवर) गेलो तर एका बाजूने नाराज, उरुसाला गेलो तर दुसऱ्या बाजूने. दोघेही मला आपल्याकडे ओढायचे, आणि मला तर अजून रकाती (नमाजची आवर्तनं) मोजताना बोटं धरावी लागत होती. अजान देणाऱ्या एका म्हाताऱ्या मुअज्जिननी मला सोडवलं. "अजान दोन्हीकडची सारखी आहे. तू अजान ऐक, ज्या मशिदीची जवळ पडेल तिथे जा, आणि वर्षभर कुणाला काही विचारू नको." ते वर्ष मला फार लाभलं. नवीन माणसासमोर आपले जुने वाद काढू नका, हात जोडून सांगतो.

जिल्हा लिहीत नाही

मी आता नमाज पढत नाही. कुणी जबरदस्तीने परत आणलं असं नाही. मी कलमा पढलो तेव्हा पन्नासेक लोक होते. पुढच्या महिन्यात मला टायफॉइड झाला, तालुक्याच्या दवाखान्यात भरती होतो. डबा घेऊन रोज कोण आलं? माझी बहीण, जी माझ्याशी बोलत नव्हती. मशिदीतून कुणी आलं नाही. बरा झाल्यावर मी तिच्या घरी गेलो आणि तिथेच राहिलो. इस्लामबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. वरचे अनुभव वाचून वाटलं की चाचा-चाची कुणाकुणाला भेटतात. हा धागा काढला ते चांगलं केलं.

धागाकर्ता

भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार झालं. तुम्ही जिथे आहात तिथे सुखात राहा. तुमची हकीकत मी येत्या जुम्याला कमिटीसमोर वाचणार आहे, तुम्ही नको म्हणालात तर नाही वाचणार.

देवळी तालुका, थोरला मुलगा

माझ्या वडिलांच्या मयताबद्दल. ते गेले तेव्हा मला मुसलमान होऊन बरीच वर्षं झाली होती. पहाटे फोन आला. मनात पहिला विचार आला की मला जाता येईल का, आणि मला जाऊ देतील का. इमाम साहेबांना उठवलं. त्यांनी सांगितलं की हजरत अलींचे वडील अबू तालिब मुसलमान न होताच वारले तेव्हा पैगंबरांनी अलींना स्वतः सांगितलं होतं, जा, आपल्या वडिलांना दफन कर. "तू जा. आईजवळ बस. खांदा दे. पूजेचा भाग भावाला करू दे."

गावात तणाव होता. भाऊबंद म्हणाले, थोरला असून अग्नी देणार नाही, मग आलास कशाला? धाकटा भाऊ पुढे झाला. "मडकं मी धरतो, खांदा दादा देईल," म्हणाला, आणि विषय संपवला. मी घरापासून स्मशानापर्यंत पुढचा डावा खांदा सोडला नाही. केस काढले नाहीत, पिंडाला बसलो नाही. आईने एका शब्दाने विचारलं नाही.

तेरवीच्या आधी मी सोसायटीत गेलो आणि वडिलांचं पीककर्ज काढून बघितलं. कृषी केंद्राची उधारीही होती. मेलेल्या माणसाचं कर्ज फेडणं आमच्यात फार मोठं मानतात, त्याच्या वाटणीआधी कर्ज. भाऊ म्हणाला अर्धं मी देतो. मी म्हटलं तेरवीचा खर्च तुझा आहे, हे माझं. पावती आईच्या हातात दिली. तिने ती वडिलांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली.

आमच्या गावात दोनच मुस्लीम घरं आहेत, भंडारा जिल्हा

माझा प्रश्न आहे. मी अजून कलमा पढले नाही. नवरा नाही, मुलगी दहावीला आहे. जवळची मशीद सोळा किलोमीटरवर. हे सगळं वाचून धीरही आला आणि भीतीही वाटली. मी काय करू?

धागाकर्ता

ताई, घाई काहीच नाही. मुलीची दहावी होऊ द्या. तिच्याशी बोला, तिला तुमच्या मागे यायलाच हवं असं नाही, ती तिचं ठरवेल. सवलतीचा दाखला असेल तर तिच्या शिक्षणाचं काय होईल ते वरच्या वकील साहेबांना आधी विचारून घ्या. कलमा पढायला मशीदही लागत नाही, गर्दी तर नाहीच. मनाने मानून म्हटला की झाला.

पण त्याआधी त्या दोन घरांपैकी एखाद्या घरातल्या बाईशी ओळख करा. मंगरूळपीरच्या आपांना मी विचारलंय, त्या फोनवर शिकवायला तयार आहेत, रात्री नऊनंतर, चूल आवरल्यावर. आमच्या कमिटीच्या जकातीत नव्यांसाठी वेगळा वाटा काढायचं ठरलंय. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितलेत (९:६०), त्यात ज्यांची मनं जोडून घ्यायची आहेत ते आहेतच. मुलीच्या पुस्तकांना, फीला लागलं तर संकोच करू नका. तुम्ही कलमा पढलात किंवा नाही पढलात, तरी ते पैसे परत मागणार नाही. जकातीत बसलं नाही तर सदक्यातून (ऐच्छिक दानातून) देऊ.

धागा उघडाच आहे. ज्यांच्या घरात अजून अबोला आहे त्यांनी जरूर लिहा, विशेषतः वडिलांनी.